ठेव्याचा पत्ता

पायाळू माणसाला जमिनीतले धन दिसते, अशी समजूत महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. जन्मताना जो आधी पाय बाहेर काढतो तो पायाळू. त्याच्या डोळ्यांत मांत्रिकाने सिद्ध केलेले अंजन घालावे, अमावास्येची रात्र गाठावी, म्हणजे भुईच्या पोटातला मोहरांचा हंडा त्याला काचेतून दिसावा तसा दिसतो. त्या हंड्यावर नाग बसलेला असतो. तो घराण्यातलाच कोणी जीव अडकलेला पूर्वज. आणि त्याला काहीतरी दिल्यावाचून तो तेथून हलत नाही. या समजुतींना हसणे सोपे आहे. परंतु अंजन, अमावास्या, पायाळू आणि नाग ही सारी सामग्री कोणत्या गरजेतून जमली, हे पाहू गेल्यास एक साधी गोष्ट ध्यानात येते. ज्याने धन पुरले तो गेला, आणि जाताना जागाही बरोबर घेऊन गेला. हा सारा खटाटोप त्या हरवलेल्या पत्त्यासाठी आहे.

हे सारे सुचण्याचे निमित्त मात्र अगदी आजचे आहे. अंधार पडल्यावर हातात विजेरी आणि दूरध्वनीयंत्र घेऊन, कोणीतरी लपवून ठेवलेली डबी शोधत हिंडण्याचा एक खेळ गेली पंचवीस वर्षे जगभर खेळला जातो. त्याला जिओकॅशिंग म्हणतात. लपवणारा डबी ठेवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश सर्वांस जाहीर करतो. शोधणारा तेथे पोहोचतो, डबीतल्या कागदावर आपले नाव व तारीख लिहितो आणि डबी होती तशी ठेवून परततो. आत धन नसते. फार तर एखादे खेळणे, एखादे बिल्ल्यासारखे चिल्लर. पुण्यातही याचे शौकीन आहेत. नगर रस्त्यावरच्या खराडीत, जेथे काचेच्या उंच कचेऱ्यांत रात्रपाळीचे दिवे कधी विझत नाहीत, तेथे अशा खेळाला फावणारा वेळ कामावरून सुटल्यानंतरचा, म्हणजे रात्रीचाच. दिवसा चारचौघांच्या देखत झाडाच्या बुंध्यात हात घालायचा तर दहा प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात.

खराडी १९९७ साली पुणे महानगरपालिकेत आली. त्यापूर्वी ते मुळा-मुठेच्या उत्तर तीरावरचे एक शेतकरी गाव होते. नदीच्या पलीकडे मुंढवा आणि त्याच्या मागे हडपसर. सन १८०२ च्या दिवाळीत, २५ ऑक्टोबर रोजी, याच हडपसरच्या माळावर यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. ऐन सणाच्या दिवसांत तोफांचा आवाज नदीच्या या काठावरही ऐकू आला असणार. दुसरा बाजीराव पुणे सोडून सिंहगडाकडे व तेथून कोकणात गेला, आणि वर्ष संपता संपता, ३१ डिसेंबरला, वसईस इंग्रजांशी तह करून बसला. मागे राहिलेल्या पुणेकरांचे हाल इतिहासात नमूद आहेत. सावकारांकडून, सरदारांकडून, नुसत्या खाऊनपिऊन सुखी गृहस्थांकडूनही सक्तीने पैसा उकळण्यात आला. लगोलग १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ पडला आणि माणसे अन्नावाचून मेली.

अशा काळात शहाण्या माणसाने काय करावे? पेढ्या होत्या, हुंड्या होत्या; परंतु पेढीवाल्यालाच जेथे बांधून नेत तेथे पेढीचा भरवसा कोण धरणार? तेव्हा रात्री, घरची माणसे निजल्यावर, परसात किंवा चुलीखाली किंवा गोठ्यातल्या जमिनीत तांब्याची घागर पुरायची. कामाला गडी लावायचा नाही; बायकोला सांगितले तर सांगितले, मुलांना नाही. गुप्तता हाच त्या काळचा विमा होता. मौज अशी की ज्या गुप्ततेने धन लुटारूपासून वाचे, तीच गुप्तता ते वारसापासूनही वाचवी. धनी लढाईत, पटकीत किंवा दुष्काळात गेला की घागर तेथेच राही, आणि पुढल्या पिढीकडे फक्त एवढेच येई की आपल्या आजोबांनी काहीतरी पुरले होते. एवढ्या भांडवलावर मांत्रिकाचा धंदा उत्तम चालतो.

पेशवाई गेली तेव्हा हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर घडला. नोव्हेंबर १८१७ मध्ये बाजीराव पुन्हा एकदा, आणि या वेळी कायमचा, पुण्याहून निघून गेला. १७ तारखेस शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. पेशव्यांचा खजिना कोठे आहे, हा नव्या राज्यकर्त्यांपुढचा एक मोठा प्रश्न होता. कारण सापडलेल्या लुटीत फौजेचा वाटा असे. रायगडाचा किल्लेदार नारो गोविंद औटी याच्यावर संशय आला की पेशव्यांचा पैसा याच्यापाशी आहे. रायगड मे १८१८ मध्ये पडला होता. औटी पुण्यास आला असता त्याला अटकेत ठेवून त्याचे सोनेनाणे जप्त करण्यात आले. पुढे त्याच्या मृत्युपत्राप्रमाणे व्यवस्था पाहणाऱ्यांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात एल्फिन्स्टनसाहेबावर फिर्याद केली आणि ते जिंकलेही. पण १८३० साली प्रिव्ही कौन्सिलने निकाल फिरवला. ही जप्ती युद्धातली होती, साध्या न्यायालयाने तिच्यात पडण्याचे कारण नाही, असे ठरले. पैसा पेशव्यांचा की औटीचा, हा मूळ प्रश्न त्यामुळे बाजूलाच राहिला. धन सापडले तरी ते कोणाचे, हे सांगणारा पत्ता त्यावर लिहिलेला नसतो.

राजसत्तेने या बाबतीत फार पूर्वीपासून कायदे केलेले आहेत. कौटिल्य ठेवा सापडल्याचे कळवणाऱ्यास सहावा हिस्सा देतो, तो नोकर असेल तर बारावा. आणि ठेवा लाखाच्या वर गेला तर तो राजाचा. इंग्रजांनी १८७८ साली भूमिगत धनाचा कायदा केला. दहा रुपयांवर किंमत असलेला ठेवा सापडला तर कलेक्टरास कळवावे. कोणी मालक पुढे न आल्यास तीन हिस्से सापडवणाऱ्याचे आणि एक जमीनधन्याचा, परस्पर वाटणी नसेल तर. तो दहा रुपयांचा आकडा अद्याप तसाच आहे!

इतिहासाच्या अभ्यासकावर मात्र या पुरणाऱ्यांचे फार उपकार आहेत, हे कबूल करावे लागेल. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. सुमारे १३,२५० नाणी, सारी क्षत्रप नहपानाची. आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला! नहपानाचा मोड झाला आणि त्याचे चलन विजेत्याने आपलेसे करून घेतले, याचा एवढा बोलका पुरावा दुसरा नाही. ज्या कोणा अभाग्याने ती नाणी पुरली त्याला ती परत मिळाली असती तर आपल्याला काहीच मिळाले नसते. १९७४ साली दायमाबादला एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाची मुळे खणताना ब्राँझच्या चार मूर्ती मिळाल्या: रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस, मिळून साठ किलोंहून अधिक वजनाच्या. अंजनही नव्हते आणि अमावास्याही नव्हती. भर दिवसाचे, पोटासाठीचे खणणे होते.

ज्यांनी अंजनाचा मार्ग धरला त्यांच्या कथा मात्र अशा नाहीत. परभणी जिल्ह्यातल्या मानवत गावी १९७२ ते १९७४ या काळात मुली आणि बायका मारल्या गेल्या. मूल व्हावे आणि गुप्तधन हाती लागावे यासाठी पिंपळाखालच्या मुंज्याला रक्त देण्यात आले, असे सरकारपक्षाचे म्हणणे होते, आणि खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. याविरुद्ध कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी दीर्घकाळ खटपट केली. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यातच, ओंकारेश्वराजवळच्या पुलावर, त्यांचा खून झाला. चार दिवसांनी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. त्याच्या अनुसूचीत मौल्यवान वस्तू, गुप्तधन आणि पाणी शोधण्याच्या निमित्ताने केलेल्या अघोरी कृत्यांचा उल्लेख मुद्दाम केलेला आहे. एकविसाव्या शतकात पोहोचलेल्या समाजालाही तो करावा लागला, यातच काय ते आले. पत्ता ठाऊक नसण्याची किंमत कोणी द्यायची, तर बहुधा घरातल्या किंवा शेजारच्या दुबळ्या पोराने.

आता दुसऱ्या एका रात्रीच्या शोधाकडे वळू. त्याचीही सुरुवात १८०२ चीच. हडपसरच्या लढाईच्या सहा महिने आधी, १० एप्रिल रोजी, विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ साखळीने पायारेषा मोजण्यास प्रारंभ केला. पुढे तिच्यावर त्रिकोणामागून त्रिकोण रचत तो उत्तरेकडे सरकत राहिला. वीस वर्षे हे काम करून २० जानेवारी १८२३ रोजी तो वर्धेजवळ हिंगणघाट येथे वारला. त्याची कबर तेथेच आहे. त्याचे काम जॉर्ज एव्हरेस्टने उचलले. दिवसा तापल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि दूरची खूण नाचू लागते. रात्री मात्र प्रकाशकिरण असे वाकतात की एरवी क्षितिजाखाली राहणारी टेकडीही वर उचललेली दिसते. म्हणून एव्हरेस्टने रात्रीचे वेध घेण्यावर भर दिला. कोसगणती दूरच्या डोंगरमाथ्यावर माणसे पाठवायची, त्यांनी ठरल्या वेळी निळ्या ज्योतीची दारू किंवा मोठा दिवा पेटवायचा, आणि इकडे दुर्बिणीला डोळा लावून तो कोन मोजायचा. वऱ्हाडातून माळव्याकडे ही त्रिकोणांची साखळी अशाच दिव्यांवर गेली.

खालच्या गावांतल्या लोकांना हे काय वाटले असेल? निर्जन डोंगरावर रात्री निळा जाळ, परका साहेब, पितळेचे यंत्र. आणि काम झाल्यावर तेथे एक दगड पुरायचा, ज्यावर वर्तुळ कोरलेले आणि मध्ये एक टिंब! आपल्या लोकांनी याचा एकच अर्थ काढला असल्यास नवल नाही. अशा खुणा उकरल्या गेल्याच्या तक्रारी होत राहिल्या. म्हणून पुढे वरच्या दगडाखाली खोल आणखी एक खुणेचा दगड ठेवण्याची आणि ठाण्याची राखण गावच्या अधिकाऱ्यांवर सोपवण्याची वहिवाट पडली. दगडाखाली काही नव्हते. सारी किंमत त्या टिंबाची, आणि टिंबाची किंमत त्याच्या आकड्यांत. पृथ्वीवरील एका जागेला कधीही न हरवणारा पत्ता मिळाला होता, आणि तो हिंदुस्थानात पुष्कळसा दिव्यांच्या उजेडात लिहिला गेला.

तो पत्ता सामान्य माणसाच्या हाती यायला मात्र दोन शतके लागली. अमेरिकेच्या लष्करी उपग्रहांचे संकेत बिनलष्करी उपयोगासाठी मुद्दाम बिघडवलेले असत. त्यांवरून काढलेली जागा शंभर मीटरपर्यंत चुके. १ व २ मे २००० च्या मधल्या रात्री ही अडचण काढून टाकण्यात आली आणि चूक एकदम दहापट कमी झाली. दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, ऑरेगन राज्यात पोर्टलंडजवळच्या रानात डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने एक काळी प्लॅस्टिकची बादली अर्धीमुर्धी पुरली, तिच्यात काही पुस्तके, चित्रफिती, एक गलोल, घेवड्यासारख्या दाण्यांचा हवाबंद डबा असल्या वस्तू ठेवल्या आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तीन दिवसांत ती दोघांनी शोधली. एका महिन्यात खेळाला नाव मिळाले. माणसाने ठेवा पुरावा आणि त्याच संध्याकाळी जगाला ओरडून जागा सांगावी, हे आमच्या परसातल्या घागरीवाल्याला वेडेपणाचे वाटले असते.

खराडीचा आकडा साधारण १८.५५ अंश उत्तर आणि ७३.९४ अंश पूर्व. दशांशचिन्हापुढचे हे दोन आकडे सुमारे एक किलोमीटरची खूणगाठ बांधतात. एवढ्यावर गाव सापडते, डबी नाही. तिसरा आकडा शंभरेक मीटरवर आणतो, चौथा दहा-अकरा मीटरवर, पाचवा हातभर अंतरावर. निदान कागदावर. प्रत्यक्षात उंच काचेच्या भिंतींवर उपग्रहाचे संकेत आपटून फिरून येतात, आणि यंत्र खुशाल रस्त्यापलीकडची जागा दाखवते. उपग्रह वीस हजार किलोमीटर उंचीवर. त्याला खराडीत दिवस की रात्र याच्याशी कर्तव्य नाही. शेवटचे पाच-दहा मीटर शोधायचे ते डोळ्यांनी आणि बोटांनीच. रात्रीसाठी म्हणून मुद्दाम रचलेल्या शोधांत वाटेवरच्या झाडांना चकाकणाऱ्या टिकल्या टोचलेल्या असतात. दिवसा त्या कोणाच्या नजरेस येत नाहीत. विजेरीचा झोत पडला की एकामागून एक उजळतात.

या खेळाचे नियम मला सगळेच रुचतात असे नाही. नोंदींची संख्या मिरवण्याची हौस त्यात बरीच आहे. पण एक नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. डबी ठेवण्यासाठी किंवा काढण्यासाठी जमीन खणायची नाही. उल्मरची बादली अर्धी जमिनीत होती खरी, परंतु पुढे खेळणाऱ्यांनी हा दंडक घालून घेतला. आपल्याकडे तो दुहेरी उपयोगाचा आहे. रात्री नदीकाठी वाकून काही धुंडाळणारा माणूस दिसला तर लोक त्याला आधी चोर म्हणतात, मग मांत्रिक. त्याच्या हाती कुदळ नाही, ही त्याच्या बाजूची सर्वांत मोठी साक्ष ठरते. ज्याची जमीन त्याची परवानगी आधीच काढलेली असेल तर दुसरी.

उल्मरची ती बादली फार टिकली नाही; गवत कापण्याच्या यंत्राखाली सापडून मोडली. जागेवर आता एक फलक आहे. बादलीतल्या वस्तूंपैकी तो हवाबंद डबा तेवढा वाचला, आणि खेळणारे तो एका हातातून दुसऱ्या हाती देत हिंडवीत राहिले.