तहानंतरचा धाक

तह झाला की पाठ्यपुस्तकातले प्रकरण संपते. उत्तर आयर्लंडचा इतिहास वाचताना मला या सवयीची शंका येते. तीस वर्षांत साडेतीन हजारांवर माणसे मेल्यावर १० एप्रिल १९९८ रोजी बेलफास्टचा करार झाला. वस्त्यांतला सशस्त्र संघटनांचा धाक मात्र उरला. चोराच्या पायात गोळी घालणे हाच तिथला निवाडा!

३० जानेवारी २००५ च्या रात्री बेलफास्टमधील एका बारबाहेर रॉबर्ट मॅकार्टनी यांचा खून झाला. संशय आयरिश रिपब्लिकन आर्मीच्या माणसांवर होता. आत सत्तरएक लोक होते. पाहिले कोणीच नाही! संघटनेने आपले तीन सदस्य काढले, आणि मार्चमध्ये ‘मारेकऱ्यांना आम्हीच गोळ्या घालतो’ असा प्रस्तावही कुटुंबापुढे ठेवला. मॅकार्टनींच्या पाच बहिणींनी तो नाकारला. त्यांना न्यायालय हवे होते. त्या अमेरिकेच्या अध्यक्षांपर्यंत गेल्या.

त्याच जुलैत संघटनेने सशस्त्र लढा थांबवला; २००७ मध्ये तिच्या विचाराच्या शिन फेन पक्षाने पोलिसांना मान्यता दिली. २००८ च्या खटल्यात मात्र आरोपी सुटले.

तह पुढारी करतात. तो पुरा झाला का, हे मी साक्षीदाराच्या पिंजऱ्याकडे पाहून ठरवतो.