कॉक्लिअर इम्प्लांट : गोंगाटातून शब्द कसा वेगळा होतो?

सोलापूरच्या उन्हाळ्यात घराघरांत घरघरणारा कूलर आणि जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेनिमित्त गजबजणारा गड्डा. कॉक्लिअर इम्प्लांट बसविलेल्या मुलासाठी या दोन गोंगाटांत मोठा फरक आहे. पहिला गोंगाट यंत्राला बऱ्याच अंशी कमी करता येतो. दुसऱ्यापुढे मात्र त्याची मर्यादा उघड होते.

साधे श्रवणयंत्र आवाज मोठा करते. आंतरकर्णातील केशपेशीच निकामी झाल्या असतील, तर त्याचा फारसा उपयोग होत नाही. कॉक्लिअर इम्प्लांट या पेशींना वगळून थेट श्रवणचेतेला विद्युतसंकेत देते. कानामागील प्रोसेसर मायक्रोफोनने टिपलेला ध्वनी वेगवेगळ्या कंपनपट्ट्यांत विभागतो, प्रत्येक पट्टीतील चढउतार मोजतो आणि ती माहिती त्वचेखालील भागाकडे पाठवितो. तेथून ती आंतरकर्णातील इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचते. हे संकेत सर्व इलेक्ट्रोडना एकाच वेळी न देता एकामागून एक देण्याची पद्धत ब्लेक विल्सन व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मांडली. त्यामुळे शब्द समजण्यात मोठी सुधारणा झाली. या क्षेत्रातील कार्यासाठी विल्सन, ग्रॅमी क्लार्क व इंगेबोर्ग होखमायर यांना २०१३ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला.

अडचण कोठे?

निरोगी कानात श्रवणासाठी सुमारे साडेतीन हजार आंतर केशपेशी असतात. इम्प्लांटमध्ये इलेक्ट्रोड साधारणपणे १२ ते २२. शांत खोलीत तेवढे पुरतात. परंतु स्वरांतील ज्या बारकाव्यांवरून आपला मेंदू एका माणसाचा आवाज दुसऱ्यापासून वेगळा करतो, ते येथे बव्हंशी गळून पडतात. म्हणूनच गोंगाट घटविण्याचे काम प्रोसेसरला आधीच करावे लागते.

त्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. दोन मायक्रोफोनपर्यंत आवाज पोहोचण्यातील सूक्ष्म कालांतरावरून समोरचा आवाज राखला जातो, तर बाजूचा व मागचा कमी केला जातो. दुसऱ्या मार्गात प्रत्येक पट्टीतील गोंगाटाचा अंदाज घेतला जातो. बोलणे अक्षरागणिक चढते-उतरते, कूलर एकसुरी राहतो. त्यामुळे कूलरचे वर्चस्व असलेल्या पट्ट्या दाबता येतात. गर्दीतील गोंगाट मात्र बोलण्याचाच बनलेला असतो. त्यातील हवा तो आवाज कोणता, हे यंत्राला सहज ठरविता येत नाही. यंत्रमागाच्या खडखडाटात तर प्रोसेसर एकूण आवाजच खाली आणतो आणि त्याबरोबर शब्दही क्षीण होतो.

भोवतालच्यांची जबाबदारी

केंद्र शासनाच्या 'एडिप' योजनेतून पात्र बालकांना इम्प्लांटसाठी साहाय्य मिळते. मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था त्यासाठी समन्वयाचे काम पाहते. पण शस्त्रक्रियेनंतरची भाषा घडते ती घरात आणि वर्गात.

मोकळ्या जागेत बोलणाऱ्याचे अंतर निम्मे झाले, की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. म्हणून अशा मुलाला पुढच्या बाकावर बसवावे, फळ्याकडे तोंड करून बोलू नये आणि शक्य असल्यास शिक्षकांनी प्रोसेसरशी जोडलेला बिनतारी मायक्रोफोन वापरावा. घरी बोलताना दूरचित्रवाणी बंद ठेवावी. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शांतता क्षेत्रात दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे आणि शाळांभोवतीचा १०० मीटरचा परिसर असे क्षेत्र ठरविता येतो. या मुलांच्या दृष्टीने तो नियम शिकण्याच्या संधीशी जोडलेला आहे.