हातातला पडदा आणि मनगटाचा कोन

वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव मेघेत हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम म्हणजे मोबाईल. त्यासाठी वेगळं यंत्र घेणारं घर विरळा. बटण न दाबता, फोनच हलवून खेळायचे खेळ कोणते असं विचारलं तर आजच्या कॉलेजातल्या पोरांना दोन नावं चटकन सुचतील : लहानपणीचा टेंपल रन आणि आताचा बीजीएमआय, तोही 'जायरो' लावून. पहिल्यात फोन कलता केला की पळणारा माणूस रस्त्याची डावी-उजवी कड धरतो. दुसऱ्यात फोन वळवला की बंदुकीचा नेम सरकतो. वरून दोन्ही एकच वाटतात, पण आतली मोजणी सर्वस्वी वेगळी आहे.

टेंपल रनचं काम त्वरणमापीवर, म्हणजे अ‍ॅक्सेलरोमीटरवर भागतं. सिलिकॉनच्या चिपवर कोरलेलं एक सूक्ष्म वस्तुमान तशाच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेलं असतं. ते जरा सरकलं की शेजारच्या पट्ट्यांमधली विद्युत धारिता बदलते आणि त्यावरून बळ कळतं. फोन स्थिर असेल तर हे बळ गुरुत्वाकर्षणाचं. बोरगावच्या अक्षांशावर त्याचं त्वरण सुमारे ९.७९ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकं आहे. त्याचा किती भाग फोनच्या आडव्या अक्षावर पडतो, यावरून कल निघतो.

पण गुरुत्वाकर्षण आणि वाहनाचा हिसका यांतला फरक या वस्तुमानाला कळत नाही. आइन्स्टाइनच्या समतुल्यता तत्त्वाप्रमाणे तो कळूच शकत नाही. ताशी ३६ किलोमीटर वेगाने चाललेली एसटी ६० मीटर त्रिज्येचं वळण घेते तेव्हा आडवं त्वरण सुमारे १.६७ येतं. खेळाच्या हिशेबी फोन साडेनऊ अंशांहून जास्त कलला! बस डावीकडे वळते, पळणारा उजवीकडे ढकलला जातो आणि नाणी हुकतात. कुशीवर पडून खेळणाऱ्याची गत याहून वाईट. चेहऱ्यासमोर सरळ दिसणारा फोन जमिनीच्या दृष्टीने ९० अंश कललेला असतो. सपाट स्थितीत १० अंश कलवलं तर आडव्या अक्षावरची नोंद शून्यावरून गुरुत्वाकर्षणाच्या १७ टक्क्यांवर जाते. तेच १० अंश कुशीवर कलवले तर नोंद जेमतेम दीड टक्क्याने हलते. त्या एकाच अक्षाच्या भरवशावर असलेला खेळ मग कडेलाच चिकटून बसतो.

जायरोस्कोपला खाली-वर याची फिकीर नसते. त्यात कंप पावणारं वस्तुमान असतं; फोन फिरला की कोरिऑलिस परिणामामुळे ते आडवं ढकललं जातं, आणि त्यावरून फिरण्याचा वेग मिळतो. वेगांची बेरीज करत गेलं की कोन मिळतो, म्हणून खाटेवर कसंही लोळलं तरी चालतं. खोट आहे ती या बेरजेतच. सेकंदाला ०.०५ अंशाची बारीक चूक मिनिटाभरात ३ अंश होते. (पृथ्वी स्वतः मिनिटाला पाव अंश फिरते, फोनमधल्या जायरोच्या गोंगाटात ते कुठल्या कुठे बुडून जातं.)

हात पुढे सरकवला हे मात्र कुठल्याच खेळाला या दोन संवेदकांवरून भरवशाने कळत नाही. कलाच्या अंदाजात एका अंशाची चूक असली तरी गुरुत्वाकर्षणाचा ०.१७ मीटर प्रति सेकंद वर्ग इतका तुकडा खोटं त्वरण म्हणून शिल्लक राहतो, आणि तीन सेकंदांत फोन पाऊण मीटर सरकल्याचा भास होतो. हातात धरायचे खेळ कोनावर चालतात, जागेवर नाही, याचं कारण हे.

इथवर संवेदकांचं झालं. खरी अडचण वेगळी आहे, आणि तिच्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. टीव्हीसमोर उभं राहून निन्टेंडो वी खेळणाऱ्याचा हात हलतो, पडदा जागेवर राहतो. हातातल्या खेळात जो हलवायचा तोच बघायचा. ६० अंश कलवलेला पडदा डोळ्यांना निम्म्या उंचीचा दिसतो; ३० अंशांवरही १३ टक्के आक्रसतो. शिवाय प्रत्येक कलाबरोबर पडद्यावरची चमक सरकते, ती वेगळी. यात्रेत मिळणाऱ्या छर्‍यांच्या डबीला हा दोष आहेच, पण तिथे छर्रा खरा असतो आणि बोटांना त्याचं घरंगळणं कळतं. १८८९ साली अमेरिकेत 'पिग्ज इन क्लोव्हर' नावाने अशीच डबी भरमसाट खपली होती.

तीच कल्पना २००० साली जपानमध्ये 'कोरोकोरो किर्बी' या नावाने गेम बॉय कलरवर आली. त्या यंत्रात कलमापक नव्हता, म्हणून तो खेळाच्या काडतुसातच बसवला. पडद्याला मागून उजेडही नव्हता. बाहेरच्या प्रकाशावरच तो वाचायचा. कल द्यावा तर चित्र दिसेना, चित्र बघावं तर कल देता येईना. पुढे गेम बॉय अ‍ॅडव्हान्स एसपीमध्ये काडतूस खालच्या बाजूने बसू लागलं, ते उलटं झालं आणि कलाची दिशाही उलटली. संवेदक यंत्रात हवा की खेळात, या प्रश्नाचा निकाल मला वाटतं तिथेच लागला.

टेंपल रन बनवणाऱ्या इमँगी स्टुडिओजने २०११ मध्ये जो हलवायचा तोच पडदा बघायचा, हा पेच शहाणपणाने सोडवला. वळणं, उडी, घसरणं, म्हणजे चुकलं तर मरण, ते सगळं बोटाकडे. कल राहिला मुख्यतः नाण्यांपुरता. एसटीच्या वळणावर नाणी गेली तरी डाव जातोच असं नाही.

बीजीएमआयमध्ये हीच वाटणी खेळणाऱ्याच्या हाती दिली आहे. जायरो बंद, फक्त स्कोप उघडल्यावर किंवा कायम चालू, असे तीन पर्याय मिळतात. (याचाच मूळ अवतार असलेल्या पब्जीवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली आणि जुलै २०२१ मध्ये हा खेळ आला, जायरोची सवय मोडली नाही.) गोळीबारात नळी वर चढते तेव्हा सरावलेला पोरगा फोनची वरची कड किंचित पुढे झुकवतो. हा झोक काही अंशांचाच असतो, त्यामुळे पडदा आक्रसत नाही. मागे वळून बघायचं असेल तर मात्र अंगठाच. स्वस्त फोनमध्ये बरेचदा जायरो नसतो. २०१६ च्या अखेरीस पोकेमॉन गो भारतात आला तेव्हा अशा फोनवर कॅमेऱ्यातून पोकेमॉन दिसत नसे. नेमाला तर फिरण्याचा वेग क्षणोक्षणी लागतो, आणि एकटा त्वरणमापी उभ्या अक्षाभोवतीचं फिरणं ओळखूच शकत नाही.

मग मिनिटाला ३ अंशांच्या त्या चुकीचं काय होतं? नेम एका जागी मिनिटभर कोणी धरून ठेवत नाही. दर काही सेकंदांनी अंगठा पडद्यावर फिरतोच, आणि जमलेली चूक त्या ओढण्यातच, खेळणाऱ्याच्या नकळत, पुसली जाते.