रविवारची हजेरी

मागच्या उन्हाळ्यात लेकीकडे इंग्लंडला होतो. तिच्या घराजवळ एक जुने चर्च आहे. आता तिथे फ्लॅट झालेत! जावईबापू म्हणाले, "विज्ञान आलं बाबा, लोक यायचे थांबले." मीही वर्गात वर्षानुवर्षे हेच सांगितले... डार्विन आला आणि चर्च ओस पडू लागली.

मग तिथल्या वाचनालयात १८५१ च्या गणनेची माहिती हाती लागली, आणि माझीच चूक कळली.

३० मार्च १८५१, रविवार. इंग्लंड-वेल्समधल्या प्रार्थनास्थळी किती माणसे आली, ते त्या दिवशी मोजले. (आपल्याकडची पटपडताळणीच म्हणा ना!) १८५४ साली अहवाल आला, तो होरेस मान या बॅरिस्टरने लिहिलेला. बी.एड.ला वाचतो तो अमेरिकन मान वेगळा. लहान मुले, आजारी, कामात अडकलेले वगळूनही, येऊ शकत असून न आलेली माणसे निघाली सुमारे ५२ लाख ८८ हजार. लोकसंख्या होती पावणेदोन कोटींच्या थोडी वर. आणि डार्विनचे पुस्तक तर आले १८५९ साली!

न येणाऱ्यांत मोठा भरणा कष्टकऱ्यांचा. मानने कारणेही दिली आहेत. कोंदट घरे, गरिबी, धर्मोपदेशक पगारासाठीच बोलतात हा संशय. पण मला लागले ते बाकांचे. चर्चमधली बाके भाड्याने दिलेली असत. पैसेवाल्यांचे बाक ठरलेले, काही बाकांना चक्क दार. फुकटच्या जागा बहुधा मागे, नाहीतर कडेला. आठवडाभर गिरणीत राबलेल्या माणसाने रविवारीही मालकाच्या मागेच बसायचे, तेही सगळ्या गावासमोर. त्यात अंगावर धड कपडे नाहीत. कशाला जाईल तो?

असो. हे वाचताना मला १९७८ सालचा माझा सातवीचा वर्ग आठवला. गणवेश नसलेल्या मुलांना मी शेवटच्या रांगेत बसवत असे. शिस्त म्हणून! त्यातला एक मुलगा येईनासा झाला. हजेरीपटावर मी 'गै' 'गै' लिहीत राहिलो, आणि मुख्याध्यापकांना सांगितले, "अभ्यासात लक्ष नाही त्याचं."

पुढे बाजारात त्याची आई भेटली. म्हणाली, "गुरुजी, त्याला मागं बसायची लाज वाटत व्हती."

तोवर लाल शाईने त्याचे नाव मी पटावरून कमी केले होते.