मुक्काम बदलणाऱ्या देवांचा जिल्हा

अणदूर आणि नळदुर्ग ही धाराशिव जिल्ह्यातली दोन शेजारची गावं. दोघांचा खंडोबा मात्र एकच. वर्षाचा मोठा काळ देवाचा मुक्काम अणदूरला असतो; मग तो नळदुर्गालगतच्या मैलारपूरला येतो, तिथे पौष पौर्णिमेची यात्रा भरते आणि ठरल्या मुदतीनंतर देव परत अणदूरला जातो. ही ने-आण नुसत्या तोंडी शब्दावर होत नाही. दोन्ही गावचे मानकरी त्यासाठी लेखी करार करतात. देवाच्या मुक्कामाचा कागद करणारा हा मुलूख समजून घ्यायचा, तर दोन हजार वर्षं मागे जावं लागतं.

तेरणेच्या काठचं तेर म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरची मोठी पेठ म्हणून त्याची नोंद आहे. इथलं कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जाई. तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पाँपेईच्या मूर्तीशी नातं सांगते. व्यापाऱ्यांमागोमाग बौद्ध धर्म आला, विटांचा चैत्य उभा राहिला. चैत्य ओस पडला, पण विटा वाया गेल्या नाहीत. आजचं त्रिविक्रमाचं मंदिर बाहेरून पाहिलं की मागची अर्धगोल भिंत नजरेत भरते. बुद्धाच्या घरात विष्णू राहायला आला, असं अभ्यासक मानतात ते या घडणीवरूनच.

धाराशिव शहराजवळच्या लेण्यांचीही तीच कथा. काही अभ्यासकांच्या मते ती मुळात बौद्ध, पुढे जैनांची झाली. आत नागफण्याखालचा पार्श्वनाथ बसला आहे. अकराव्या शतकातल्या कनकामर मुनींच्या अपभ्रंश काव्यात करकंडू राजाशी या लेण्यांचा संबंध जोडला आहे. जैनांचा इथला धागा तुटलाही नाही. भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीवर आचार्य शांतिसागरांनी 1955 साली सल्लेखना, म्हणजे उपवासाने देह ठेवण्याचं व्रत, घेतली.

तेरचाच गोरा कुंभार. संतांच्या मेळ्यात थापटी घेऊन डोकी तपासणारा आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवणारा. जिथल्या मातीच्या बाहुल्या सातवाहन काळापासून सापडतात, त्या गावात भक्तीची परीक्षा कुंभाराच्या हाती यावी, हे साजेसंच आहे.

मग तुळजापूर. इथली भवानीची मूर्ती चल आहे, म्हणजे जागेवरून हलवता येते. वर्षातून तीन वेळा देवी सिंहासनावरून उतरून पलंगावर निजते. दसऱ्याला साड्यांमध्ये लपेटून तिला सीमोल्लंघनाला पालखीतून मिरवतात. त्यानंतरची निद्रा ज्या पलंगावर होते, तो अहिल्यानगरकडून येतो. पालखी येते शेजारच्या बुऱ्हाणनगरहून, तिचा मान तिथल्या तेली घराण्याकडे. पूजेचा मान मराठा भोप्यांचा. आराधी परडी घेऊन जोगवा मागतात, गोंधळी संबळ वाजवतात. आराध्याच्या गळ्यातली कवड्यांची माळ जवळून पाहावी. चकचकीत, पाठीला फुगीर, पोटाला दातेरी फट असलेली ही कवडी समुद्रातली. मालदीवच्या बेटांवरून ती शतकानुशतकं भारतात येत राहिली. पावसाची वाट पाहणाऱ्या या कोरड्या मुलखात देवीचा दागिना समुद्रातून यावा, यात तगरच्या जुन्या वाटांची खूण आहे.

नळदुर्गाच्या किल्ल्यात बोरी नदी अडवून 1613 साली पाणीमहाल बांधला गेला. तेव्हा विजापूरला दुसरा इब्राहिम आदिलशहा होता. बांधावरून पाणी सुटलं की नर-मादी धबधबे कोसळतात आणि मधल्या महालात माणूस कोरडा उभा राहतो. धाराशिव शहरातल्या ख्वाजा शमसोद्दीन गाझींच्या दर्ग्यात उरुसाला हिंदूही जातात, आणि नळदुर्गच्या किल्ल्यापलीकडे मैलारपूरला खंडोबा मुक्कामाला येतो.

जिल्हा नावाची गोष्ट या सगळ्यापुढे अगदी अलीकडची. 1853 च्या तहात हैदराबादच्या निजामाने नळदुर्ग इंग्रजांकडे सोपवला. इंग्रज अधिकारी मेडोज टेलर तिथला कारभारी झाला, आणि त्याच्या ‘तारा’ या कादंबरीत तुळजापूर आलं. 1860 मध्ये प्रदेश परत निजामाकडे गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ठाणं नळदुर्गहून धाराशिवला हललं. निजाम मीर उस्मान अलींच्या नावाने ते उस्मानाबाद झालं आणि 2023 मध्ये पुन्हा धाराशिव. मधल्या काळात, 1982 साली, लातूर वेगळं निघालं.

या इतिहासातलं एक पान मात्र चाळून पुढे जाता येत नाही. 1948 च्या सप्टेंबरआधी निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी गावं जाळली. सप्टेंबरमध्ये निजामाच्या राज्यावर चालून आलेली भारतीय फौज सोलापूरकडून पहिल्याच दिवशी नळदुर्गात शिरली. सत्ता बदलल्यावर सूड निघाला तो गोरगरीब मुसलमानांवर. या हिंसाचाराची पाहणी करणाऱ्या सुंदरलाल समितीने सर्वाधिक होरपळलेले जे चार जिल्हे सांगितले, त्यांत उस्मानाबाद होता. शतकानुशतकं शेजार करणाऱ्या गावांत हे घडलं. एकत्र नांदणं ही इथली उपजत देणगी असती, तर असं घडलं नसतं.

म्हणूनच त्या कराराच्या कागदाचं मोल. विहार, लेणी, देऊळ, दर्गा, यांतलं काही इथे कुणाच्या एकट्याच्या मालकीचं राहिलं नाही; टिकला तो वाटून घेतलेला मान. पालखी कुणाची, पलंग कुठला, पूजा कुणाची, देव किती दिवस कुणाकडे, हे ठरलेलं आणि दर वर्षी पाळलेलं असतं. 2011 च्या जनगणनेत साडेसोळा लाखांवर असलेल्या या जिल्ह्यातल्या मराठा, लिंगायत, धनगर, दलित, मुसलमान आणि जैन माणसांना परंपरेने दिलेला धडा एवढाच: भाईचाऱ्याच्या भाषणांपेक्षा कुणाचा किती वाटा हे चोख ठरवावं, आणि ठरलेलं पाळावं.