दैनंदिन मनन-चिंतन : शुष्कतेच्या दिवसांतील निष्ठा

दैनंदिन मनन-चिंतनाचा आरंभ उत्साहाने होतो. खरी कसोटी लागते ती मन शुष्क झाल्यावर. संत इग्नेशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथास पोप तिसरे पॉल यांनी १५४८ साली मान्यता दिली. त्यात संत सांगतात की, मन रमत नसेल तेव्हा ठरलेला तास पूर्ण करून वर थोडा अधिक वेळ बसावे. तसेच अशा उदासीन काळात पूर्वीचा निश्चय बदलू नये.

नवीन साधकांस आम्ही सुचवितो : आरंभी दहाच मिनिटे ठरवा. वेळ व जागा एकच ठेवा. शुभवर्तमानातील लहानसा उतारा घ्या. मन भरकटल्यास शांतपणे त्याकडेच परता. दहा मिनिटे जड वाटतील त्या दिवशी अकरा मिनिटे बसा.