फोन कोणाचा, माहिती कोणाची?

ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानात दर दहा वर्षांनी जनगणना व्हायची, आणि तिच्यात एक रकाना असायचा. घरात कोणी वेडं आहे का? जन्मापासून मुकं-बहिरं? दोन्ही डोळ्यांनी आंधळं? महारोगी? १८८१पासून १९३१पर्यंत हे प्रश्न प्रत्येक दारात विचारले गेले. विचारणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असायचा. गावचा मास्तर, नाहीतर सरकारी दप्तर सांभाळणारा कोणी. त्याच्यासमोर घरातल्या लग्नाच्या मुलीला महारोग आहे असं कोण सांगणार? लोक खरं सांगत नाहीत, विशेषतः बायकांचे आजार लपवतात, अशी तक्रार जनगणनेच्या अहवालांतच पुन्हा पुन्हा येते. शेवटी आकड्यांवर भरवसा उरला नाही आणि १९४१मध्ये तो रकाना गेला.

लोक अडाणी होते म्हणून लपवत होते असं आपल्याला वाटू शकतं. मला तसं वाटत नाही. १८९८मध्ये सरकारने लेपर्स ॲक्ट केला. रस्त्यावर भीक मागणाऱ्या महारोग्याला पकडून आश्रमात ठेवायचा अधिकार त्याने पोलिसांना दिला. मुंबईत त्याआधीच, १८९०मध्ये, माटुंग्याला बेघर महारोग्यांसाठी आश्रम उभा राहिला होता. तो उभारणारे म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲक्वर्थ म्हणजे शाळिग्रामांबरोबर मराठी पोवाडे गोळा करून छापणारे तेच ॲक्वर्थ. हेतू वाईट असेलच असं नाही. पण 'हो, आहे' या उत्तरानंतर घरातलं माणूस घरात राहील याची खात्री नव्हती. अशा वेळी 'नाही' म्हणणं हा शहाणपणाच होता. लेपर्स ॲक्ट रद्द व्हायला २०१६ साल उजाडलं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, इतिहासकार नाही. या विषयात शिरले ती कामामुळे. अपंग व्यक्तींना आणि त्यांच्या घरच्यांना फोनवर सल्ला देणाऱ्या एका संस्थेसाठी फोनची नोंद ठेवणारी प्रणाली लिहायची होती. दाखला कुठे मिळतो, प्रवासात सवलत कशी मिळते, शाळेने प्रवेश नाकारला तर कुठे जायचं, असे प्रश्न तिथे येतात. काम छोटं होतं. पण फोन करणाऱ्याला काय काय विचारायचं आणि त्यातलं काय साठवायचं, या एका प्रश्नावर आमच्या बैठकांमागून बैठका झाल्या. मी उत्तर शोधायला मागे मागे जात राहिले, आणि जर्मनीपाशी थबकले.

१४ जुलै १९३३ रोजी जर्मनीत आनुवंशिक आजारांची संतती रोखण्याचा कायदा झाला. स्किझोफ्रेनिया, फेफरं, आनुवंशिक अंधत्व, आनुवंशिक बहिरेपण अशी त्यात यादी होती. या यादीत बसणारा रुग्ण दिसला की सरकारला कळवायचं, हे डॉक्टरांवर बंधनकारक झालं. बहिऱ्या मुलांच्या शाळांमधल्या शिक्षकांनी आपल्याच विद्यार्थ्यांची नावं दिली. या कायद्याखाली सुमारे चार लाख माणसांची सक्तीने नसबंदी झाली. ज्याच्यावर विश्वास ठेवून मुलगा शाळेत आला, त्याच्याकडूनच माहिती पुढे गेली.

१९३९च्या शरद ऋतूत पुढचा फॉर्म आला. देशभरातल्या मनोरुग्णालयांना आणि आश्रमांना तो पाठवण्यात आला. रुग्णाचं नाव, निदान, किती वर्षं इथे आहे, भेटायला कोणी येतं का, काम करू शकतो का. फॉर्म कशासाठी आहे हे लिहिलेलं नव्हतं. काही संस्थाचालकांना वाटलं, हा युद्धासाठी मजूर गोळा करण्याचा बेत असणार. म्हणून आपले चांगले कामकरी हातचे जाऊ नयेत यासाठी त्यांनी त्यांना कामाला निरुपयोगी असं लिहिलं. भरलेले फॉर्म तीन डॉक्टरांकडे जात. त्यांनी रुग्णाला पाहिलेलंही नसे. कागदावर एक खूण करायची: लाल अधिक म्हणजे मृत्यू, निळं वजा म्हणजे जीवन. बर्लिनमधल्या टियरगार्टनस्ट्रासे ४ या पत्त्यावरून चाललेल्या या मोहिमेत ऑगस्ट १९४१पर्यंत सत्तर हजारांहून जास्त माणसं मारली गेली.

फॉर्ममधली माहिती खोटी असती तर हे टळलं असतं का? काहींच्या बाबतीत खोट्या माहितीनेच जीव घेतला. गफलत वेगळ्याच जागी होती: माहिती कशासाठी घेतली जाते आहे, हे देणाऱ्याला ठाऊक नव्हतं. आज आम्ही इंजिनिअर लोक 'उद्देशमर्यादा' हा शब्द एखाद्या रुक्ष नियमासारखा उच्चारतो. ज्या उद्देशाने माहिती घेतली त्याच उद्देशासाठी ती वापरायची, एवढाच त्याचा अर्थ. जगातला पहिला डेटा संरक्षण कायदा १९७०मध्ये जर्मनीतल्याच हेसेन राज्यात झाला. आपल्याविषयीची माहिती कुठे आणि कशी वापरली जावी हे ठरवण्याचा हक्क नागरिकाचा आहे, हेही १९८३मध्ये जर्मनीच्याच घटनात्मक न्यायालयाने, एका जनगणनेच्या खटल्यात, सांगितलं. फॉर्मने काय होऊ शकतं हे त्या देशाने पाहिलेलं होतं.

आता हेल्पलाइनकडे येऊ. २ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुक या चर्चमध्ये चॅड व्हारा नावाच्या पाद्र्याने आत्महत्येच्या विचारात असलेल्या लोकांसाठी एक फोन सुरू केला. त्यातून सॅमॅरिटन्स ही संस्था झाली. फोन करणाऱ्याने नाव सांगायलाच हवं असं नव्हतं. एकेका रकान्याच्या इतिहासात ही मोठी उडी होती. आधी माणूस, मग नाव, आणि तेही त्याला वाटलं तर.

अपंगांच्या हेल्पलाइनची गोष्ट इंग्लंडमध्येच पण वेगळ्या वाटेने गेली. हॅम्पशरमधल्या ल कोर्ट या आश्रमात पॉल हंट नावाचा तरुण राहत होता. १९६०च्या दशकात तिथल्या रहिवाशांनी स्वतःहून संशोधकांना बोलावलं. आम्ही कसे जगतो ते पाहा, म्हणजे आमचं म्हणणं लोकांपर्यंत पोहोचेल, अशी अपेक्षा होती. त्यांनी आपलं आयुष्य उघडं केलं. १९७२मध्ये पुस्तक आलं तेव्हा त्यात या लोकांच्या जगण्याला सामाजिक मृत्यू म्हटलेलं होतं, आणि आश्रमांची व्यवस्था मोडायची नव्हे तर सुधारायची शिफारस होती. हंट यांनी पुढे या संशोधकांना बांडगुळं म्हटलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी 'गार्डियन'ला पत्र लिहिलं आणि त्यातून अपंगांची स्वतःची संघटना उभी राहिली. तिच्यातली चर्चा टपालाने फिरणाऱ्या पत्रकांतून चाले आणि ती पत्रकं गोपनीय असत. बरेच सदस्य आश्रमांत राहणारे होते. ज्यांच्यावर टीका करायची त्यांच्याच हातून जेवायचं असेल, तर गुप्तता ही चैन राहत नाही.

याच वातावरणात १९७६मध्ये डर्बीशरमध्ये डायल नावाची सल्ला देणारी फोनसेवा सुरू झाली. ती अपंग लोकच चालवत. कोणता भत्ता मिळतो, चाकाची खुर्ची कुठून मिळते, घरात बदल करायला पैसे कोण देतं, हे ज्यांनी स्वतः धडपडून शोधलं होतं तेच दुसऱ्याला सांगत. मला यातला साधा बदल फार मोठा वाटतो. शंभर वर्षं माहिती एकाच दिशेने वाहत होती: अपंग माणसाकडून कचेरीकडे. इथे पहिल्यांदा ती उलट वाहू लागली. फोन उचलणाऱ्याच्या समोर कार्डं होती ती योजनांची आणि नियमांची, माणसांची नव्हे.

मग संगणक आले, आणि आमच्यासारखे लोक आले. फोन आला की नंबर आपोआप दिसतो. संभाषण रेकॉर्ड होतं. तक्रार क्रमांक हवा, म्हणून नाव हवं. निधी देणाऱ्याला अहवाल हवा, म्हणून जिल्हा, वय, अपंगत्वाचा प्रकार हवा. यातली प्रत्येक मागणी सुटी पाहिली तर रास्त वाटते. पण एकत्र आल्या की माहितीची दिशा परत जुन्यासारखी होते. बैठकीत मी एवढंच विचारत राहिले, की रेल्वे सवलतीचा नियम सांगायला नाव कशाला लागतं? लागत नाही. परत फोन करायचा असेल तर नंबर लागतो, काम संपलं की तो पुसता येतो. अहवालाला आकडे लागतात, माणसं लागत नाहीत. म्हणून आम्ही दोन वेगळे तक्ते केले आणि त्यांना जोडणारा धागा ठेवला नाही.

त्यावरही एक अनुभवी सल्लागार बाई म्हणाल्या, "तुमच्या तक्त्यात तालुका आहे ना? मग नाव कशाला हवंय?" त्यांचं बरोबर होतं. २०१६च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले. त्यात सिकल सेल आहे, हिमोफिलिया आहे, ॲसिड हल्ल्यातल्या पीडितही आहेत. एखाद्या लहान तालुक्यात ॲसिड हल्ला झालेली एकच बाई असेल, तर तालुका आणि प्रकार हे दोन रकाने म्हणजे तिचं नावच. आम्ही तालुका काढला आणि जिल्हा ठेवला. आकडा अगदी लहान असेल तिथे तोही दाखवायचा नाही असं ठरलं.

फोन करणारा आणि ज्याच्यासाठी फोन आहे तो, हे अनेकदा वेगळे असतात. आई मुलासाठी करते, भाऊ बहिणीसाठी. बहिरा माणूस शेजाऱ्याला बोलायला लावतो, म्हणजे त्याची गोष्ट तिसऱ्या कानावर पडतेच. सांकेतिक भाषेच्या दुभाष्यासह व्हिडिओ कॉल केला तर दुभाष्यावरही गुप्ततेचं बंधन हवं. घरात फोन एकच असेल तर उत्तराचा मेसेज कोण वाचेल हे आधी विचारावं लागतं. आणि काही गोष्टी गुप्त ठेवताच येत नाहीत: लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते कळवावंच लागतं. ही मर्यादा फोनच्या सुरुवातीलाच सांगितली पाहिजे, माणूस बोलून गेल्यावर नव्हे.

माझ्या आत्याला फिट्स यायच्या. तिचं लग्न होईपर्यंत तो शब्द आमच्या घरात कोणी उच्चारला नाही, औषधाची बाटलीसुद्धा देवघरातल्या फडताळात असायची. लहानपणी मला याचा राग यायचा. खूप नंतर समजलं, की १९९९पर्यंत हिंदू विवाह कायद्यात फेफरं असलेल्या व्यक्तीचं लग्न रद्द ठरवता येत असे. आजी कायदा शिकलेली नव्हती. पण जनगणनेच्या मास्तराला 'नाही' म्हणणाऱ्या बायांना जे कळत होतं, ते तिलाही कळत होतं.

गुप्तता म्हणजे लपून राहणं मात्र नव्हे. स्वतंत्र भारताच्या जनगणनेत अपंगत्वाचा प्रश्न १९८१मध्ये एकदा आला आणि १९९१मध्ये पुन्हा गायब झाला. जो मोजला जात नाही त्याच्यासाठी अंदाजपत्रकात पैसे नसतात. म्हणून जावेद अबिदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लढा दिला आणि २००१मध्ये तो प्रश्न परत आला. त्या वर्षी २.१९ कोटी अपंग व्यक्तींची नोंद झाली, २०११मध्ये २.६८ कोटी. ब्रिटिशांच्या रकान्यापासून पळणाऱ्यांचेच वारस आता रकाना मागत होते. फरक इतकाच की १९४८च्या जनगणना कायद्यानुसार एका माणसाची नोंद कोणालाही पाहता येत नाही, न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाही. आम्हाला मोजा, पण आमची यादी करू नका, ही मागणी पूर्ण करता येते हे या कायद्याने केव्हाच दाखवलं आहे.

आता आपल्याकडेही माहितीसाठी कायदा आहे. ऑगस्ट २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०१७च्याच मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिला. २०२३मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. २०११च्या जुन्या नियमांत आरोग्याची माहिती 'संवेदनशील' म्हणून वेगळी काढलेली होती. नव्या कायद्यात तसा वेगळा वर्गच नाही. किराणा दुकानातलं माझं बिल आणि आत्याच्या फिट्स, दोन्ही नुसती वैयक्तिक माहिती.

आणि कलम ९ आहे. ज्या अपंग व्यक्तीला कायदेशीर पालक आहे तिची माहिती वापरण्याआधी त्या पालकाची पडताळता येण्याजोगी संमती घ्या, असं ते सांगतं. लहान मुलांना आणि अशा प्रौढांना ते एकाच वाक्यात बसवतं. कागदावर हे संरक्षण वाटतं. पण सेरेब्रल पाल्सी असलेली तीस वर्षांची एक बाई हेल्पलाइनला फोन करते आणि सांगते, की माझा पालक माझी पेन्शन मला देत नाही. तिची तक्रार लिहून घ्यायला आम्ही कोणाची संमती घ्यायची?

आमच्या प्रणालीत या प्रश्नाचं उत्तर सध्या असं आहे, की सल्ला देण्याआधी काहीच नोंदवायचं नाही. तिला तिचे हक्क सांगायचे, कुठे जायचं ते सांगायचं, ती लिहून घेईल इतक्या सावकाश सांगायचं. तक्रार नोंदवायची का, हे तिने ठरवायचं. कार्डं पुन्हा योजनांची ठेवायची, माणसांची नाही. डर्बीशरमधल्या लोकांनी संगणक नसताना जे केलं, ते संगणक असताना करायला जरा जास्त मेहनत पडते, एवढंच.